चौथा माईक

त्या गिटारवाल्याची तक्रार साधी होती. ताईंच्या माडीवर जी गिटार वाजते, ती स्टेजवर वाजत नाही.

माडी सांगलीच्या गावभागातली. वर लाकडी तक्तपोशी, खाली सतरंजी, भिंतीला पुस्तकांची फडताळं. दर रविवारी सकाळी तिथे तालीम चाले. ताई मराठी कवितांना चाली लावून गात, निवेदनाला वहिनी, पेटीवर शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि साथीला हा. बँकेत नोकरी, लग्न व्हायचं होतं, पगारातला बराचसा भाग वाद्यांच्या दुकानात जायचा. सहाव्या तारेवर त्याचा अंगठा पडला की तो खर्ज माडीच्या फळ्यांतून सगळ्यांच्या मांडीला जाणवे. ताई गाता गाता थांबत आणि म्हणत, “परत वाजव रे ते.”

माडीवर जुनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची तबकडी होती. १९६७ सालची, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काब्रांची गिटार आडवी ठेवून तारांवर पट्टी सरकवत वाजवायची, याची बोटांनी छेडायची. तेव्हा दोन्हींत साम्य बेताचंच. पण तालीम संपल्यावर हा ती तबकडी लावून बसे आणि गिटारचा ‘खरा’ आवाज म्हणजे हा, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. ती तबकडी स्टुडिओत झाली आहे, तिथे वाजवणाऱ्यासमोर माईक असतो पण हजार वॉटचा स्पीकर नसतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात जी ‘नैसर्गिक’ गिटार बसलेली आहे, ती अशी माईकमधून आलेलीच असते.

पहिला कार्यक्रम एका शाळेच्या पटांगणावर झाला. गिटारला कंपनीतूनच पिकअप बसवलेला होता. माईकवाल्या पोराने जॅक खोचला, फेडर वर ढकलला आणि तो दुसऱ्या कामाला निघून गेला. जो आवाज आला तो करकरीत आणि चपटा. हळू वाजवावं तर ऐकू येईना, तार जरा ओढून सोडावी तर बदकासारखं ‘क्वॅक’ करून उठे. कार्यक्रम संपल्यावर ताईंनी विचारलं, “आज कुठली गिटार आणली होतीस?”

“तीच.”

“बरं,” ताई म्हणाल्या. त्या ‘बरं’नेच सगळा घोटाळा केला.

कारण त्यानंतर तो खरेदीला लागला. पिकअपचा आवाज सुधारायला प्रीअँप घेतला. तेवढ्यावर भागेना म्हणून एक पेडल घेतलं. चांगल्या गिटारीसमोर चांगला माईक ठेवला तर तिचं अंग कसं बोलतं, याचा नमुना त्या पेडलमध्ये भरलेला होता आणि पिकअपच्या कोरड्या आवाजावर तो चढवला जायचा. हेडफोन लावून घरी ऐकलं तर थेट तबकडी. स्टेजवर मात्र ते पेडल कधी बरं वाजे, कधी भुतासारखं. मग त्याने ठरवलं, नैसर्गिक म्हणजे माईकच. पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक चांगला कंडेन्सर माईक घेतला आणि पुढच्या कार्यक्रमात तो गिटारच्या भोकासमोर नेऊन ठेवला. आवाज जिथून बाहेर पडतो तिथेच माईक, हिशेब सरळ होता.

हिशेब चुकला. गिटारच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो. मोठ्या अंगाच्या गिटारीत तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ११० हर्ट्झवर लावलेल्या पाचव्या मोकळ्या तारेच्या किंचित खाली येतो. भोकासमोर माईक ठेवला की सगळ्यांत जास्त ऐकू येते ती हीच हवा. त्यात असा एकाच दिशेने ऐकणारा माईक जवळ नेला की तो खर्ज आपणहून फुगवतो. पलीकडे स्पीकरचा आवाज येऊन तबलीला, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीला, हलवतो, तबली माईकला ऐकवते, माईक पुन्हा स्पीकरला. डेन्मार्कच्या सोरेन लार्सन या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा फेरा एकदा सुरू झाला की वाजवणाऱ्याचं काही चालत नाही. ताईंनी पहिलं कडवं उचललं आणि मागून ‘गूंऽऽ’ असा हुंकार आला. हुंकार वाढला. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. माईकवाल्याने धावत जाऊन फेडर खाली ओढला, आणि उरलेला कार्यक्रम गिटारशिवायच झाला, जरी गिटारवाला शेवटपर्यंत वाजवत होता.

गिटारचं हे रडगाणं जुनं आहे. चार माणसांत बसून छेडायचं हे वाद्य. बँडमध्ये, नाचघरात, मोठ्या थिएटरात ते दबूनच जायचं. अमेरिकेत १९२७ मध्ये नॅशनल कंपनीने धातूच्या गिटारीच्या पोटात अॅल्युमिनियमचे तीन कोन बसवले, ते केवळ आवाज मोठा व्हावा म्हणून. मार्टिन कंपनीने १९३१ पासून स्वतःच्या नावाने ऐसपैस अंगाची ड्रेडनॉट आणली. त्याच सुमारास चुंबकी पिकअपची विजेची गिटार आली आणि तिने प्रश्न सोडवला खरा, पण ते निराळंच वाद्य झालं. स्पेनचा आंद्रेस सेगोव्हिया या सगळ्याकडे पाठ फिरवून बसला. भल्यामोठ्या सभागृहातही तो माईक घेत नसे. लोकांनी गप्प बसून कान द्यावा, असा त्याचा बाणा. आपल्याकडे संगीत नाटकातल्या नटांनी माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पदं पोचवली, त्याचीही आठवण जुनी माणसं अजून काढतात. ते ठीकच आहे. पण सेगोव्हियासमोर बसलेली माणसं फक्त सेगोव्हियाला ऐकायला आलेली असत. सांगलीत बाहेर रिक्षा असतात, आत पंखे असतात आणि शेजारच्या मंगल कार्यालयात वरात असते.

तर या मुक्कामावर नाना आले.

नाना म्हणजे माईकवाले. भजनी मंडळ, व्याख्यानमाला, नाटक, निवडणुकीची सभा, सगळं त्यांनी केलेलं. गुरुजींची आणि त्यांची जुनी ओळख. पुढचा कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होता, तीनशे खुर्च्यांचा, आणि काम नानांकडे होतं. गिटारवाला आधीच त्यांच्या घरी जाऊन थडकला. प्रीअँप, पेडल, माईक, दोन जातीच्या वायरी, सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाला, “नाना, मला नॅचरल आवाज पाहिजे.”

नानांनी ते सगळं पाहिलं. एकाही वस्तूला हात लावला नाही. “गिटार कुठं हाय?”

गिटार रिक्षातच राहिली होती. ती आणल्यावर नानांनी प्रत्येक तार एकेक करून वाजवायला लावली, पिकअप एका जुन्या डब्यासारख्या अँपला जोडून. पहिली तार ठीक, दुसरी मेलेली, तिसरी अंगावर येणारी. “हे असंच हाय व्हय? आन् तू ह्याच्यावर पेडल लावतोयस?”

“ते ईक्यूनं नीट होतं ना?”

“ईक्यू काय एका तारेला ओळखत न्हाय. आधी मिरजेला जा. चाचाकडं.”

मिरज तिथून दहा-बारा किलोमीटरवर. सतारमेकर गल्लीत चाचांचं दुकान. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तिथे भोपळे वाळत घातलेले आहेत. दाराशीच ते गोल बुडाचे भोपळे रचलेले, आत लाकडाचा भुसा, चंद्रुसाचा वास. चाचा एका तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीच्या माथ्यावर कानस एकदाच, अगदी अल्लाद फिरवायची, तार परत बसवायची, खाली दोरा सरकवायचा, छेडायची, मान हलवायची, पुन्हा तार सोडवायची. गिटारवाला अर्धा तास बसून होता. चाचांनी त्याला चहा पाजला, पण हातातलं काम सोडलं नाही.

मग गिटार घेतली. आधी तबलीवर बोटाच्या पेराने चार ठिकाणी टकटक केलं. “झाड चांगलं आहे,” म्हणाले. तारा काढल्या आणि ब्रिजच्या खाचेतून पांढरी सॅडल उपसली. तिच्याखाली, खाचेच्या तळाशी, काळ्या वायरीसारखी बारीक पट्टी होती. तीच पिकअप. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांतून वीज निघते, हे पॅरिसमध्ये क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं, आणि ही पट्टी तेवढंच करते. तारा थरथरल्या की सॅडल तिच्यावर कमीजास्त दाबली जाते, आणि त्या दाबाची वीज जॅकमधून बाहेर पडते.

चाचांनी सॅडलची खालची कड पोलादी पट्टीला लावून खिडकीकडे धरली. मधोमध उजेडाची एक केसाएवढी रेघ दिसली.

“ही पट्टी दाब मोजते ना?”

“हो.”

“मग दाब सगळीकडे सारखा नको?” जाड काच टेबलावर ठेवून त्यांनी तिच्यावर पॉलिश पेपर पसरला आणि सॅडल उभी धरून सरळ रेषेत ओढायला सुरुवात केली. एकाच दिशेने. परत नेताना उचलून. दर पाच-सहा ओढींनंतर पुन्हा खिडकी. उजेडाची रेघ बारीक होत गेली आणि नाहीशी झाली. तारा चढवल्यावर दुसरी तार जागी झाली होती आणि तिसरी शहाण्यासारखी वागत होती. पैसे विचारले तर चाचांनी शंभराची नोट घेतली. पेडलच्या किमतीत अशा किती सॅडल घासून झाल्या असत्या, हा हिशेब त्याने परतीच्या एसटीत केला आणि मध्येच सोडून दिला.

निघताना त्याने चाचांना विचारलं होतं, “आता स्टेजवर नॅचरल वाजेल ना?”

“ते नानाला विचारा. आवाज निघतो कुठून, तेवढंच माझ्याकडे. तो जातो कुठे, ते नाना बघतो.”

कार्यक्रमाच्या दिवशी नानांनी त्याला दुपारी तीनलाच बोलावलं. कार्यक्रम साडेसहाचा. सभागृह रिकामं, खुर्च्यांवर धूळ झटकणारा एक शिपाई तेवढा. स्पीकरची खोकी उभी होती, पण मिक्सरला अजून वीज दिलेली नव्हती. ताईंचा भाचा वायरी उचलायला आला होता. त्याला गिटारचे तीन कॉर्ड येत होते. नानांनी गिटार त्याच्या हातात दिली, स्टेजवर बसवलं आणि गिटारवाल्याला म्हणाले, “जा, बाराव्या रांगेत बस.”

“माईक नाही लावला अजून.”

“म्हणून तर सांगतोय.”

भाचा आपले तीन कॉर्ड घोळवू लागला. गिटारवाला बाराव्या रांगेत बसला, आणि पहिल्यांदा त्याला वाटलं की पोराला नीट वाजवता येत नाही. मग वाटलं, तारा जुन्या झाल्या असाव्यात. मांडीला जाणवणारा तो खर्ज कुठेच नव्हता. जे येत होतं ते बारीक होतं, स्वच्छ होतं, जरा दूरचं होतं. बोट तारेला लागल्याचा आवाज आधी, त्यामागे लाकडाचा.

तो उठून पुढे आला. “ही माझी गिटार नाही वाटत.”

“तुझीच हाय. तू कधी ऐकली न्हाईस.”

यात गूढ काही नाही. गिटारचा खर्ज चहूकडे पसरतो, पण वरचे सूर तबली जिकडे तोंड करून असते तिकडे जातात. वाजवणारा बसतो तबलीच्या मागे आणि वर. त्याला छातीतून, मांडीतून गिटारचं अंग मिळतं आणि समोरचा चेहरा कधीच दिसत नाही. वर्षानुवर्षं वाजवूनही आपली गिटार समोरून ऐकलेली नाही, असे वादक पुष्कळ असतात. स्वतःचं व्याख्यान कधीच न ऐकलेल्या वक्त्यांचा तर आपल्याकडे सुकाळच आहे.

“मग तुझं नॅचरल म्हंजे कुठलं?” नानांनी विचारलं. “मांडीवरचं का बाराव्या रांगेतलं?”

त्याला उत्तर देता येईना. तो म्हणाला, “पण पिकअपमधून येतं ते तर दोन्ही नाही.”

“न्हायच. डॉक्टर छातीला नळी लावतो, त्याला धडधड ऐकू येती. माणूस बोलतो कसा, ते त्यातनं कळतंय व्हय? त्यासाठी समोर बसाय लागतं.”

मग नाना कामाला लागले. गालिच्यावर गिटारवाल्याची जागा ठरवली. त्याचाच नवा माईक घेतला, पण भोकासमोरून काढला आणि बाराव्या पडद्याच्या समोर आणला, जिथे दांडी अंगाला मिळते त्याच्या जरा अलीकडे, एक वीत अंतरावर, तोंड किंचित आत वळवून. स्टँड बुटका, माईक काळा आणि बारीक. पुढे सजावटीची समई आणि झेंडूची आरास आली की तो दिसेना. माईकला मिक्सरवरून ४८ व्होल्ट दिले. बटण दाबून त्याचा खालचा खर्ज १२० हर्ट्झच्या खाली छाटून टाकला. पिकअपची वायर गालिच्याखालून नेली आणि तिचा फेडर जेमतेम उघडला, खर्जाला जरा टेकू मिळावा एवढाच. दोन्ही मिळून आवाज पोकळ येत होता. नानांनी पिकअपच्या चॅनलवरचं फेज उलटवायचं बटण दाबलं आणि तोच आवाज भरीव झाला.

“हे का झालं?”

“दोघं एकमेकाला खात हुते. दाबून बघायचं, भरलं की ठेवायचं.”

पेडलचं नाव कुणी काढलं नाही. ते पिशवीतच राहिलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. भानगड झाली मॉनिटरवरून. स्टेजवर वादकाकडे तोंड करून ठेवलेला तो तिरका स्पीकर. त्यातून वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकू येतं. ताई बसल्या, गुरुजींनी पेटी उघडली आणि गिटारवाला म्हणाला, “नाना, मॉनिटरमध्ये गिटार द्या.” नानांनी दिली. “अजून थोडी.” दिली. “अजून.” मग तोच जुना हुंकार आला. ‘गूंऽऽ.’ ताईंनी डोळे मिटून घेतले.

नाना मिक्सरमागून उठून स्टेजपाशी आले. मोठे स्पीकर स्टेजच्या पुढच्या कडेला, लोकांकडे तोंड करून उभे होते. त्यांचा आवाज मागे माईकपर्यंत कमीच येत होता. मॉनिटर मात्र गिटारपासून चार फुटांवर, थेट तबलीवर रोखलेला.

“ह्यो बोंबलतोय,” पायाने मॉनिटरला टोचत नाना म्हणाले. “बाहेरचं न्हाय. तुला ऐकाय जेवढं देतो, तेवढं मला लोकांना कमी द्याय लागतंय. ठरीव. कुणी ऐकायचं?”

“पण मला ऐकूच आलं नाही तर वाजवू कसं?”

“माडीवर मॉनिटर हाय व्हय?”

“माडीवर ताई समोर असतात.”

“मग सरक की समोर.”

मॉनिटर उचलून विंगेत ठेवला गेला. ताईंची बैठक हातभर डावीकडे घेतली, गिटारवाल्याची जागा आत वळवली, म्हणजे दोघांना एकमेकांचा कच्चा आवाज कानाला लागावा. गालिच्यावर नानांनी खडूने दोन खुणा केल्या. वाजवताना डोलायची त्याला सवय होती. वीतभर अंतर अर्धं झालं की आवाज सहा डेसिबलने उसळतो. डोललास तर लोकांना गिटार येती-जाती वाटेल, एवढं सांगून नाना परत मिक्सरकडे गेले. जाता जाता गुरुजींना म्हणाले, “वहिनी बोलत नसतील तवा त्यांचा माईक मी बंद ठेवणार. उघडे माईक दुप्पट केले की तीन डेसिबल हातातनं जातात.” गुरुजींनी ते शिष्याचं पाठांतर ऐकावं तसं मान हलवून ऐकलं.

साडेसहाला सभागृह भरलं. तीनशे माणसं आत आली की भिंतींचा घुमारा निम्मा माणसांच्या कपड्यांतच जिरतो, आणि दुपारचा आवाज संध्याकाळी आणखीच कोरडा होतो. पहिल्या कवितेला गिटारवाल्याने सुरुवात केली आणि त्याच्या पोटात गोळा आला. काही ऐकूच येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण घरी सोफ्यावर बसून वाजवल्यावर येतं तेवढंच. समोरच्या अंधारात काय पोचतंय याचा पत्ता नाही. त्याने नकळत तार जोरात ओढली. मागे, मिक्सरच्या छोट्या दिव्याच्या उजेडात, नानांचा हात वर झाला, पंजा खाली करून. हळू. त्याने पुन्हा ओढली. हात पुन्हा आला.

दुसऱ्या कवितेत त्याने नानांकडे पाहणं सोडलं आणि ताईंकडे पाहायला लागला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. माईकशिवायचा ताईंचा आवाज त्याच्या डाव्या कानाला थेट लागत होता. माडीवर इतके रविवार जाऊनही एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती: ओळ संपवताना ताई शेवटचं अक्षर जरा लांबवतात आणि मग भराभरा श्वास घेतात. तो रविवारी नेमका त्याच जागी आपली सगळ्यांत आवडती हरकत घ्यायचा, सहाव्या तारेवरून खाली उतरणारी. आज त्याने ती घेतली नाही. एकच सूर ठेवला आणि थांबला. ताईंनी श्वास घेऊन पुढची ओळ उचलली, आणि उचलताना त्याच्याकडे एक नजर टाकली. मध्यंतराच्या आत एकदाही हुंकार आला नाही. नानांनी त्या अवधीत त्याचा फेडर दोनदा वर नेला. मॉनिटर असता तर तेवढी मोकळीक मिळाली नसती. त्याला कळलंसुद्धा नाही.

कार्यक्रम संपला. ताईंच्या पाया पडणाऱ्यांची रांग लागली. मागच्या रांगेत बसलेल्या एक बाई, चष्मा पुसत, गिटारवाल्याला म्हणाल्या, “बरं केलंत हो, माईक नाही लावलात ते. हल्ली कुठेही गेलं तरी नुसतं बडवतात. किती छान साधं ऐकू येत होतं.”

तो काही बोलणार तोच मागून नाना म्हणाले, “व्हय, लई भारी वाजवतो.”

पंधरा मिनिटांनी वाचनालयाचे सेक्रेटरी बिलाचा कागद घेऊन आले. माणूस प्रामाणिक, संस्थेच्या पैशाला जपणारा. “नाना, यात माईक चार लिहिलेत.”

“चारच हुते.”

“मी मोजले ना. ताई एक, वहिनी दोन, पेटी तीन. गिटारवाले तर तसेच वाजवत होते. मी शेवटच्या रांगेत उभा होतो, तिथपर्यंत येत होतं. सभागृहच आपलं तसं बांधलेलं आहे.” आणि त्यांनी सभागृहाच्या छताकडे कौतुकाने पाहिलं.

गिटारवाल्याचा चेहरा लाल झाला. त्याने समईकडे बोट दाखवायला हात उचलला. “अहो, तिथे मागे...”

नानांनी त्याचा उचललेला हात मनगटाला धरून खाली आणला, आणि त्याच हातात वायरीचं एक टोक दिलं. “तीन लिवा, साहेब,” ते सेक्रेटरींना म्हणाले. सेक्रेटरींनी चारावर काट मारून तीन केलं, तीनशे रुपये वजा केले, सही केली आणि आणखी एकदा सभागृहाची तारीफ करून ते गेले.

“नाना, हे काय? मी देतो तुमचे तीनशे.”

“पैशाचं र्‍हाऊ दे. वायर गुंडाळ.”

तो कोपर आणि पंजा यांत धरून भराभरा वेटोळी घ्यायला लागला, दोरी गुंडाळतात तशी. नानांनी ती सगळी सोडवली. “अशी पिळलीस तर आतली तार तुटती. एक वेढा सरळ, दुसरा उलटा. बघ.” त्यांनी चार वेढे घालून दाखवले, वेटोळं सपाट पडलं. मग ते सोडून परत त्याच्या हातात दिलं.

स्टेजवर अशा चौदा-पंधरा वायरी पसरलेल्या होत्या. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता. गिटारवाल्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या, समईमागे वाकला, काळा माईक स्टँडवरून सोडवून त्याच्या डबीत ठेवला, आणि पहिला वेढा सरळ घेतला.

“आता उलटा,” नाना म्हणाले.